चापावर बोट नव्हतं

कुणी खरं मानलं नाही. मला तोंड नाही, माझं सोडा. ज्याला तोंड होतं, ज्यानं रडून रडून सांगितलं, त्याचंही कुणी मानलं नाही. आणि ज्यांना ठाऊक होतं ते भिंतीकडे बघत बसले. अठ्ठेचाळीस वर्षं हा राग माझ्या पोटात गंजत पडलाय. आज मला उघडून टेबलावर ठेवलीय, तर सांगूनच टाकते. गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मी एक बंदूक बोलतेय. एकनळी. एका वेळी एक काडतूस पोटात घ्यायचं, घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा, संपलं. श्रीमंताच्या भिंतीवर टांगतात तसली मी नव्हे. माझ्या अंगावर नक्षी नाही, हरणाचं चित्र नाही. पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझ्यासारख्या दिवसाला शेकड्यांनी निघायच्या. मला तिथल्या एका जाड भिंगाच्या चष्मेवाल्यानं जोडली. त्यानं घोडा वीस वेळा चढवला, वीस वेळा उतरवला, माझा दस्ता लाकडी ओंडक्यावर दाणदाण आपटून बघितला. मी सुटले नाही. "चोख आहे," तो म्हणाला. लक्षात ठेवा, मी चोख होते.

ओहायोच्या दक्षिणेला, टेकड्यांमधल्या एका गावात, खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानातून म्हाताऱ्या प्रुइटनं मला घेतली. त्यानं ससे मारले, खारी मारल्या, एकदा मक्यात शिरलेल्या डुकराला नुसती दाखवून पळवलं. तो गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे आले, डेन्व्हरकडे. वारशानं. घर मोठ्या भावाला, गाय बहिणीला, बंदूक डेन्व्हरला.

डेन्व्हर विटांच्या भट्टीवर कामाला. हात दगडासारखे, पण नेम वाईट. खारीचा मोसम सुरू झाला की भट्टी ओस पडायची, शाळाही रिकामी व्हायची, सगळे रानात. संध्याकाळी प्रत्येक जण किती मारल्या ते सांगायचा आणि डेन्व्हर बूट काढत बसायचा. स्वतःच्या नेमाला कोण दोष देतो? त्यानं मला दिला. म्हणे माझा चाप जड आहे, ओढेपर्यंत खार पसार होते.

मग एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर त्यानं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली, माझी कूस उघडली आणि कानस काढली.

आता नीट ऐका. घोडा मागे ओढला की तो आत एका खाचेत अडकून बसतो. त्या खाचेच्या धारेवर सगळा भार. ती धार म्हणजे माझी लाज म्हणा, माझा संयम म्हणा. डेन्व्हरनं तीच घासायला घेतली.

त्याची बायको ओपल कणीक मळायला आली. "इथे मी पाव करते, आणि तू लोखंडाचा कीस पाडतोस?"

"चाप हलका करतोय. बोट ठेवलं की सुटली पाहिजे."

"आणि बोट न ठेवता सुटली तर?"

"तू पाव कर," डेन्व्हर म्हणाला.

ओपलनं ओल्या फडक्यानं टेबलावरचा कीस टिपला, दारात झटकला आणि कणीक मळायला घेतली. तिनं विचारलं होतं, हे मी ऐकलंय. तिनं स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं.

त्या मोसमात डेन्व्हरनं चार खारी मारल्या. चाप खरंच हलका झाला होता. पण मी पूर्वीची राहिले नव्हते. घोडा चढवून कुणी मला जराशी टेकवली की आतली धार थरथरायची. कधी धरायची, कधी नाही. मला कळायचं, सांगता येत नव्हतं. काडतूस पोटात असताना ही भीती काय असते ते तुम्हाला नाही कळायचं.

त्यांना दोन मुलगे. वेंडेल चौदाचा, लोनी दहाचा. त्या वर्षी डेन्व्हरनं मला पहिल्यांदा वेंडेलच्या हातात दिली. पोरगं शहाणं होतं, बापापेक्षा शहाणं. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. लोनी मागे मागे, सारखा बडबडत. "मला दे की रे. एकदाच. मी फक्त धरतो."

"पुढच्या वर्षी."

"गेल्या वर्षीही पुढच्या वर्षीच म्हणाला होतास."

कुंपणाजवळ ससा उठला. वेंडेलनं घोडा चढवला, ससा गेला. आता घोडा हळूच उतरवायचा, मगच कुंपण ओलांडायचं, असं त्याला शिकवलेलं. उतरवायला दोन्ही हात नीट लागतात, म्हणून त्यानं मला आधी खाली टेकवली. इतकंच. टेकवली. खाली एक दगड होता, दस्ता त्यावर आदळला आणि नळी कुंपणाकडे कलली. लोनी पलीकडे आधीच गेला होता आणि भावासाठी तार वर उचलून धरायला वाकला होता.

चापावर बोट नव्हतं. मी होते तिथे, मी सांगते. त्याचा एक हात नळीखाली होता आणि दुसरा घोड्याकडे येत होता. मी सुटले. मी, मी सुटले.

पुढचं मी सांगणार नाही.

दुपारी पोलीस आला. टेबल तेच. वेंडेल कोपऱ्यात. "मी चापाला हात लावला नाही. देवाशपथ नाही लावला." किती वेळा म्हणाला, मोजलं नाही.

पोलिसानं मला उचलली. रिकामी आहे बघून घोडा चढवला, हलवली, एकदा टेकवली. आणि मी धरून राहिले! ज्या दिवशी सुटायला हवं होतं त्या दिवशी मी धरून राहिले. याहून हतबल काय असतं? मी आतून किंचाळत होते, उघड मला, कूस उघडून बघ. त्यानं मला परत टेबलावर ठेवली.

"बंदूक आपण होऊन सुटत नसते," तो म्हणाला. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही पाठ. "डेन्व्हर, हिच्यात काही बिघाड होता का?"

डेन्व्हर मोरीतल्या भांड्यांकडे बघत होता. एक भांडं, दोन भांडी. बोलला नाही.

मग ओपल बोलली. "पोरगं चापाशी खेळत असतं. कितीदा सांगितलं, ऐकत नाही."

पोलिसानं लिहून घेतलं. वेंडेलनं आईकडे बघितलं. मी खूप मेलेले डोळे बघितलेत, सशाचे, खारीचे. तसले जिवंत माणसाच्या तोंडावर तेव्हा बघितले.

मला घोंगडीत गुंडाळून कपाटात घातली. डेन्व्हर पुन्हा शिकारीला गेला नाही. त्यानं ती खाच दुरुस्त केली नाही, मला मोडली नाही, विकली नाही. कपाटाचं दार उघडायचा, घोंगडीवर हात ठेवायचा, बंद करायचा. इतका भित्रा माणूस मी बघितला नाही.

कपाटात भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. वेंडेलला शाळेत 'चाप्या' म्हणायला लागले. तो वर्गात शिरला की पोरं हात वर करायची, आणि हसायची. मोठा झाला, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायला लागला, लोकांच्या तळघरात उतरून त्या नीट करून द्यायचा, तरी बाया आपली पोरं वरच्या मजल्यावर बोलावून घ्यायच्या. लग्न केलं. बायकोला मूल हवं होतं, हा नको म्हणाला. "माझ्या हाताखाली नको." ती गेली. पुढे पुढे तो स्वतःच म्हणायला लागला, "असेलही. बोट असेलही. मला आठवत नसेल." हे ऐकून मला वाटलं, त्या दिवशी लोनीबरोबर दुसराही गेला, फक्त याला पुरायचं राहिलंय.

अकरा वर्षांपूर्वी डेन्व्हर मेला. मृत्युपत्रात एक ओळ: बंदूक वेंडेलला. गाव थुंकलं. असा कसा बाप, ज्यानं भावाला मारलं त्यालाच तीच बंदूक? मला वाटतं, मेल्यावर तरी पोरानं मला उघडून बघावं, असं त्याच्या मनात असेल. जिवंतपणी तोंड उघडवलं नाही, म्हणून माझ्यावर ढकललं. वेंडेलनं मला हातही लावला नाही. "राहू दे तिथेच, आई."

या वर्षी ओपल शहाऐंशीची झाली आणि तिनं धोशा लावला. चर्चच्या आवारात बंदुका गोळा करणार होते. आणून द्या, कुणी काही विचारणार नाही, बदल्यात किराणा भरायचं कार्ड घ्या, पोलीस तिथेच करवतीनं तुकडे करतील. "मी मरायच्या आत ती कापलेली बघायचीय," ओपल म्हणाली. मीही म्हटलं, कापा. एकदाची कापा मला.

शनिवारी सकाळी मी गाडीच्या डिकीत, पुढे आई आणि मुलगा. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. पिवळ्या जाकिटातली एक चर्चची बाई खिडकीशी आली.

"आजी, बंदूक मागे रिकामी ठेवलीय ना?"

"रिकामी. कापताना मला बघू देतील का?"

"तुम्हाला बघायचंय?"

"तुकडे होईपर्यंत," ओपल म्हणाली.

तेवढ्यात फुटपाथवरून एक म्हातारा रांगेच्या कडेकडेनं येताना ऐकू आला. एम्मेट कोव्हाच. असं आवार भरलं की हा बाहेर पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा असतो: जुन्या बंदुका रोख घेतो. कायद्यात बसतं ते. आपल्या राज्यातला माणूस, आपल्या मालकीची वस्तू, दोघांचं लायसन, दोघांच्या सह्या, झालं. विधवा बाया, मेलेल्या बापाचं कपाट रिकामं करणारी पोरं, असली गिऱ्हाइकं त्याची.

"काय आणलंय, बाई? लाकूड चांगलं असेल तर करवतीखाली देऊ नका."

"तू गिधाड आहेस का रे?" ओपल म्हणाली.

"गिधाड मागाहून येतं, बाई. मी आधी येतो."

"एम्मेट!" पिवळं जाकीट ओरडलं. "पांढऱ्या रेषेच्या आत पाय टाकलास तर पोलिसाला बोलावीन."

"तो तिकडे डोनट खातोय, त्याला खाऊ दे. फुटपाथ गावाचा आहे. मी पावती करून घेतो, चोरून नाही. यांच्या करवतीखाली एका आजोबांची लग्नातली बंदूक गेली, माझ्या डोळ्यांदेखत. वस्तूनं काय पाप केलं?"

वेंडेलनं काच खाली केली. "एक विचारू? एकनळी. घोडा चढवलेला. कुणी चापाला हात लावला नाही, तर सुटते का?"

एम्मेट हसला. "अरे बाबा, सव्वीस वर्षं शिकारीचा वर्ग घेतोय मी, याच चर्चच्या तळघरात. पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगतो. बंदूक सुटत नाही, कुणाचं तरी बोट असतं. आपल्याच भागातला एक पोरगा होता, कुंपणाशी भावाला..."

"तो मी," वेंडेल म्हणाला.

रांग पुढे सरकली. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. वेंडेलनं गाडी हलवली नाही.

"मला माहीत नव्हतं..." एम्मेट पुटपुटला. "नाव कधी घेतलं नाही मी."

"घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं." वेंडेलचा आवाज चढला नाही. "दर वर्षी सांगता?"

"दर वर्षी."

"मग घ्या ती. मागे आहे. उघडून आतून बघा. काही नसेल तर नसेल. निदान मला कळेल."

ओपलनं गाडीच्या पुढच्या फळीवर हात आपटला. "वेंडेल! ती कापायचं ठरलंय."

"तुझं ठरलंय. बाबानं माझ्या नावावर ठेवलीय."

"मी सांगते म्हणून कापायची!"

"का?"

"का म्हणजे? तिनं लोनीला नेलं!"

"तिनं?" वेंडेल म्हणाला. "इतकी वर्षं तर मी नेलं म्हणत होतीस."

मी डिकीत, अंधारात. मला कापून घ्यायचं होतं हो. पण त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, आत्ता नको. कापली तर ही खाचही कापली जाईल. आणि वाटून काय उपयोग? करवतीकडे न्या की फुटपाथकडे, मला कुणी विचारत नाही. माझं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या हातात गेलं.

गाडीच्या टपावर कागद ठेवून पावती झाली. एम्मेटनं नोटा दिल्या, वेंडेलनं न बघता खिशात कोंबल्या.

एम्मेटच्या गॅरेजमध्ये तेलाचा वास होता. त्यानं मला आधी पुसली. मग पोट रिकामं आहे हे दोनदा बघितलं, घोडा चढवला, चापापासून बोट लांब ठेवलं आणि रबरी चटईवर टेकवली. नाही. पुन्हा टेकवली. नाही. मी देवाला म्हटलं, आजही धरून राहिले तर मला पुन्हा जन्म देऊ नकोस. तिसऱ्यांदा टेकवली.

खट्.

घोडा पडला होता. एम्मेटनं आपल्या बोटाकडे बघितलं. बोट हवेत होतं. मग त्यानं माझी कूस उघडली, दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. कारखान्याची रेघ सरळ असते. कानशीची रेघ तिरकी, माणसाच्या हातासारखी. ती घासलेली धार त्यानं नखानं चाचपली आणि स्टुलावर बसला. सव्वीस वर्षांची पोरं मोजत असेल, ज्यांना त्यानं ती गोष्ट सांगितली.

आणि आता मी इथे आहे, ओपलच्या स्वयंपाकघरात, त्याच टेबलावर. अजून दुपार आहे. एम्मेट मला घेऊन तासाभरात परत आला. टोपी दारातच काढली. माझी कूस उघडी आहे, सगळ्यांना दिसतेय.

"बघ," तो वेंडेलला म्हणाला. बोट वर धरलं, मला लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली. एकदा, दोनदा, आणि घोडा पडला.

"परत," वेंडेल म्हणाला.

पुन्हा पडला.

"परत."

किती वेळा करायला लावलं त्यानं! दर वेळी तो घोड्याकडे नाही, एम्मेटच्या रिकाम्या बोटाकडे बघत होता. शेवटी आपल्या उजव्या हाताचं बोट त्यानं टेबलावर ठेवलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. बासष्ट वर्षांचा माणूस. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

"हे कुणीतरी हातानं घासलंय," एम्मेट म्हणाला. "वेंडेल, मी माफी मागून काही होत नाही. पण येत्या वर्गात मी ती गोष्ट सांगणार नाही, ही बंदूक दाखवणार. पोरं विचारतील, कुणामुळे झालं? या खेपेला मी नाव घेणार. कुणाचं घेऊ?" त्यानं वही काढली, पेन्सिल काढली.

माझं लिहा, असं मला ओरडायचं होतं. सुटले ती मी. पण बंदुकीला नाव नसतं, आणि माझा आरोप कुणी लिहून घेत नाही. माझी एकच विनंती आहे, ती तुम्हालाच करते, कारण तुम्ही ऐकताय: एखादं पोर शपथ घेऊन म्हणालं की मी केलं नाही, तर आधी वस्तू उघडून बघा. पोराला नंतर उघडा.

"बाबा," वेंडेल म्हणाला. "बाबानंच घासली असणार. लिहा डेन्व्हर."

"थांब," ओपल म्हणाली.

इतका वेळ ती मोरीशी पाठ करून उभी होती. ती वळली, खुर्ची ओढली, पण बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"कानस त्याची. पण घासताना त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं, मी विचारलंही होतं. कीस मी टिपला. आणि तो पोलीस आला तेव्हा डेन्व्हर गप्प होता. बोलले ती मी."

"का?" वेंडेल म्हणाला. सकाळचाच प्रश्न.

"तुझ्या बापाला नेलं असतं. पोराला कुणी तुरुंगात घालत नाही, बापाला घालतात. एक पोर गेलं होतं, भट्टीचा पगारही गेला असता. म्हटलं, तू लहान आहेस, विसरशील."

"मी विसरेन?"

ओपलनं मान खाली घातली. "म्हणून कापायची होती. तुला कळायच्या आत मला मरायचं होतं." मग तिनं एम्मेटकडे बघितलं. "माझं लिहा."

एम्मेटची पेन्सिल कागदावर टेकली नाही. "बाई, तुमचं वय झालंय. पोरांसमोर तुमचं नाव..." त्यानं वेंडेलकडे बघितलं. त्याला वाटत होतं, मुलगा म्हणेल राहू द्या. मलाही तसंच वाटत होतं. ओपललाही वाटत असेल.

वेंडेलनं हात पुढे केला, वही एम्मेटच्या बाजूला सरकवली आणि बोटानं रिकामी ओळ दाखवली.

"पूर्ण लिहा," तो म्हणाला. "ओपल मे प्रुइट."